एक्स्टेन्शन पार्क नंबर चारची किल्ली

५ फेब्रुवारी १९६१, रविवार. सकाळी ६.२०

आजपासून रोजनिशी. पार्कचं रजिस्टर मी अकरा वर्षं लिहीत आहेच, पण त्यात नुसते आकडे. आकड्यांमागचा माणूस कुठेतरी नोंदला जावा म्हणून ही वही. वाचणारा मीच.

६.०० ला गेट उघडलं. किल्ली नेहमीप्रमाणे जानव्याला. सौ. म्हणते, एवढं लोखंड जानव्याला बांधू नका, मानेला वळ पडतो. पण खिसा कापता येतो, जानवं कोण कापणार. कुलूप उघडताना मला वाकून तोंड गेटाला लावावं लागतं एवढीच गैरसोय.

माहितीसाठी: पार्क लांबी २१४ फूट, रुंदी १३१. भोवती मेंदीचं कुंपण. आठ फुटांचं गेट सोडून कुंपण ६८२ फूट. पैकी ६७७ मी स्वतः टेपने मोजले आहेत. आमच्या परसाला लागून असलेले शेवटचे पाच अंदाजे, कारण तिथे नागाचं बीळ आहे. सौ.ने १९५२ साली नाग पाहिला. मी पाहिलेला नाही, पण सापांवर पुस्तक आणून वाचलं आणि तिकडे न जाणं योग्य असं ठरवलं.

मधोमध चिंचेचं झाड, म्हणून अडाणी लोक ह्याला हुणसेमरद पार्क म्हणतात. खरं नाव गेटावरच्या पाटीवर आहे. पाटी मीच रंगवली.

किल्ली माझ्याकडे १९५० पासून. बंगळूर कॉर्पोरेशनचा माळी देवाप्पा मेव्हण्याच्या लग्नाला होसकोट्याला गेला तेव्हा चार दिवसांसाठी ठेवून गेला. परत आल्यावर त्याने मागितली नाही, मी आठवण केली नाही. जबाबदारी माणसाकडे अशी आपण होऊन येते.

वेळ: सकाळी ६ ते ९, संध्याकाळी ५.३० ते ७.३०. मध्ये मी ऑफिसात असतो, तेव्हा पार्कला कुलूप आणि विश्रांती. रविवारी पूर्ण दिवस उघडा, कारण मी असतो.

संध्याकाळी ७.४०

आलेले १४. हाकललेले १३. कारणं: चेंडू ६, गवतावर चालणे ४, चिंचा २, विनाकारण हसणे १. राहिलेला एक म्हणजे शेषगिरी. रिटायर्ड पोस्टमास्तर. बाक नंबर दोनवर बसून दोन्ही बाजूंनी स्वतःच बुद्धिबळ खेळतो. जाताना म्हणाला, पार्क सुरेख ठेवलायस हयवदना, माणसं नसती तर आणखी शोभला असता.

मी मान्य केलं.

८ फेब्रुवारी, बुधवार

वाईट बातमी. समोरच्या रोडवर दोन वर्षांपूर्वी राहायला आलेले उपेंद्र खांबेटे (सरकारी कारखान्यात इंजिनियर, मूळ पुणे) ह्यांनी रिक्रिएशन क्लब काढला आहे. कॉर्पोरेशनकडे अर्ज: पार्क क्लबला लीजवर द्यावा. टेनिस कोर्ट, तारेचं कुंपण, आत फक्त मेंबर.

संध्याकाळी स्वतः सांगायला आले. म्हणे आम्हाला पार्क घ्यायचा नाही, फक्त चालवायचाय. मी म्हटलं, पार्क जागेवर बरा आहे. ते म्हणाले, पण तो वापरतं कोण? मी म्हटलं, जनता. त्यांनी आत बघितलं. आत जनता नव्हती, नुकतीच हाकलली होती.

एका सार्वजनिक जागेवर एका खाजगी माणसाने कब्जा करावा, कुलूप लावावं, आत कोणी यायचं ते आपण ठरवावं, ही वृत्ती मला समजतच नाही. लढायचं ठरवलं.

१२ फेब्रुवारी, रविवार

सार्वजनिक उद्यान संरक्षण समिती स्थापन. जागा: आमची ओसरी. अध्यक्ष मी, सेक्रेटरी मी. सभासद शेषगिरी, कॉफी होईपर्यंत.

संकल्प:
१. जनतेकडून अर्जावर सह्या. किमान तीनशे.
२. रजिस्टरांच्या आधारे पार्कचा सार्वजनिक उपयोग सिद्ध करणे. अकरा भरली, बारावं चालू. असा पुरावा बंगळुरात दुसऱ्या कुठल्या पार्कचा नसेल.
३. कॉर्पोरेशनचा कायदा पाठ करणे. रोज चार कलमं.

मी मॅट्रिकनंतर कॉलेजात गेलो नाही. त्यामुळे माझं शिक्षण कुठेच थांबलं नाही. वनस्पतिशास्त्र, सर्व्हे, साप, प्रथमोपचार, सगळं पुस्तक आणून केलं. कायदाही होईल.

सौ.ला विचारलं, क्लबला पार्क गेला तर? ती तांदूळ निवडत होती. हात थांबला. म्हणाली, आणि उन्हाळ्यात मग? मी म्हटलं, उन्हाळ्याचा काय संबंध. ती म्हणाली, काही नाही, तुम्ही लढा.

तिचा पाठिंबा आहे हे पाहून बरं वाटलं.

२६ फेब्रुवारी, रविवार

सह्या ७१ जमल्या. आज छाननी केली. पेन्सिलने केलेल्या १२ बाद. नवऱ्याऐवजी बायकोने केलेल्या १९ बाद. देवाप्पाचा अंगठा बाद, तो कॉर्पोरेशनचा नोकर. उरलेली नावं रजिस्टरशी ताडून पाहिली. ज्यांना पूर्वी पार्कातून हाकललं आहे अशा ३७ जणांना पार्कविषयी बोलण्याचा नैतिक अधिकार उरत नाही. बाद.

शिल्लक २. शेषगिरी आणि मी. दोन्ही सह्या मात्र निर्दोष आहेत.

कायदा: कलम ४ पर्यंत. भाषा वाईट आहे.

६ मार्च, सोमवार. संध्याकाळी ६.१०

वैज्ञानिक शोध. बाक नंबर तीनवर, बसायच्या फळीवर, पांढरं शेवाळ. गोल ठिपके, प्रत्येकी अंदाजे सव्वा इंच, सरळ ओळीत. ओळी सात, प्रत्येक ओळीत बारा. कडक, नखाने निघतं. निसर्गात एवढी शिस्त मी प्रथमच पाहिली.

रविवारी दिसलं नव्हतं. म्हणजे एका दिवसात, बहुधा ऊन कडक असताना, वाढतं.

शास्त्रीय पद्धतीने चाखून पाहिलं. चव: खारट. जिऱ्याचा भास.

नमुना पाकिटात घालून एका ओळखीच्या वनस्पतितज्ज्ञांना पाठवला. नवीन जात निघाली तर तिला नाव काय द्यावं हा प्रश्न येईल. आपण होऊन काही सुचवणार नाही. विचारलं तर सांगेन.

१४ मार्च, मंगळवार

कावळे. सकाळी नाहीत, रविवारी नाहीत. पण आज संध्याकाळी उघडलं तेव्हा चिंचेवर साठ-सत्तर बसलेले, सगळ्यांची नजर खाली बाकांकडे. मोकळ्या बाकांकडे कावळ्यांनी इतक्या आशेने का बघावं? टिपण लिहायला घेतलं: ‘नागरी कावळ्याची स्मरणशक्ती’. सौ.ला वाचून दाखवलं. तिला ठसका लागला.

बाक तीनखाली काळी छत्री सापडली. दांडीवर माझ्या नावाची आद्याक्षरं. १९५६ साली आमच्या ओसरीतून चोरीला गेलेलीच ती. म्हणजे चोर दिवसा पार्कात येऊन बसतो. कुलूप असताना. कुंपण ओलांडून. क्लबच्या बाजूची माणसं कुठल्या थराला जातील सांगता येत नाही.

छत्रीच्या आत हिंगाचा वास. चोर दाक्षिणात्य आहे.

२५ मार्च, शनिवार. रामनवमी

गल्लीतल्या बायकांनी पानक आणि डाळीची कोसंबरी पार्कात वाटायची परवानगी मागितली होती. मी नाकारली नाही. सतरा अटी घातल्या. कागद घेऊन त्या गेल्या, परत आल्या नाहीत. कायद्याला लोक घाबरतात.

सुट्टी असूनही ऑफिसात स्टॉकतपासणीला जावं लागलं. संध्याकाळी घरी आल्यावर सौ.ने तांब्याभर पानक दिलं. वर चिंचेचा पाला तरंगत होता. आमच्या परसात चिंचेचं झाड नाही. सौ. म्हणाली, वारा. आज वारा नव्हता. पण सणाच्या दिवशी वाद कशाला.

खांबेट्यांच्या सौ., सुलभाबाई, आमच्या स्वयंपाकघरात बसल्या होत्या. मला पाहून उठल्या. हाताला कोपरापर्यंत पीठ. मी नंतर सौ.ला बजावलं की शत्रूच्या गोटातल्या बाईशी जपून बोल, आपल्या हालचाली कळतील. ती म्हणाली, ती बिचारी पुण्याची, संडगे शिकतेय, तिला तुमच्या हालचाली कशाला.

भोळी आहे.

३ एप्रिल, सोमवार

तज्ज्ञांचं कार्ड आलं. मजकूर जसाच्या तसा: ‘नमुन्यात तांदळाचं पीठ, जिरं, हिंग, मीठ. तळून पाहिला. उत्तम. आणखी असल्यास पाठवावे.’

नमुने अदलाबदल झाले असावेत. मोठ्या ठिकाणी असं होतं. कॉलेज शिकलेल्या माणसांकडून मी ह्याहून जास्त अपेक्षा केली नव्हती.

९ एप्रिल, रविवार

कॉर्पोरेशनची नोटीस. गुरुवार ता. २० रोजी सकाळी अकराला साहेब प्रत्यक्ष पाहणीला येणार. पार्कचा सार्वजनिक उपयोग होत असल्याचं दिसलं तर तो कॉर्पोरेशनकडे राहील. उपयोग होत नसल्यास क्लबला लीज. दोन्ही पक्षांनी पुरावे आणावेत.

पुरावे. माझ्याकडे अकरा रजिस्टरं आहेत. खांबेट्यांकडे टेनिसचं एक चित्र आहे.

आनंदात सौ.ला नोटीस वाचून दाखवली. तिने वेळ दोनदा विचारली. अकरा म्हणजे बरोबर अकरा का, साहेब लोक उशिरा येतात ना, आणि तुम्ही त्या दिवशी ऑफिसला जाणार की रजा काढणार. सगळं नीट सांगितलं. ‘सरी, बरं,’ म्हणाली आणि चप्पल घालून शेजारी गेली. तिला माझ्या कामात रस वाटू लागला आहे. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, उशीर झाला, पण हरकत नाही.

१६ एप्रिल, रविवार

रजिस्टरांच्या बेरजा केल्या. १९५० ते १९६०: आलेले ४१,९०६. हाकललेले ३९,८५२. प्रत्येक पानाखाली सही.

शेषगिरीला दाखवलं. त्याने चष्मा काढला, पुसला, परत घातला. म्हणाला, हयवदना, दुसरा कॉलम फाडून टाक. मी म्हटलं, अर्धा पुरावा हा पुरावाच नव्हे, आणि दुसऱ्या कॉलमवरच तर पार्क राखला गेला हे सिद्ध होतं. तो म्हणाला, मग रजिस्टरं मराठीत आहेत एवढीच तुझी आशा, साहेब कन्नड आहेत.

मत्सर माणसाला वृद्धापकाळी जास्त होतो. नोंद करून ठेवली.

आज दिवसभरात आलेले ९, हाकललेले ९. शेषगिरीलाही. गुणगुणत होता.

कायदा: अजून कलम ४. पण ते आता पाठ आहे.

१९ एप्रिल, बुधवार. संध्याकाळी ७.३०

तयारी पूर्ण. बाक धुतले (तीन नंबरवर पुन्हा ते ठिपके, ओळी नऊ). पाला वेचला. गेटाला रंग द्यायचा होता, राहिला. उद्या सकाळी पार्क उघडणार नाही. जनता आली की पार्क घाण होतो, आणि साहेबांनी सार्वजनिक पार्क स्वच्छ पाहिला पाहिजे. मी स्वतःही आत जाणार नाही, पावलं उमटतात. पाटी लावली: ‘पाहणीनिमित्त जनतेस बंद.’

उद्याच्या भाषणाचे सहा मुद्दे काढले. विजयानंतरच्या भाषणाचे नऊ.

२० एप्रिल, गुरुवार. दुपारी ३.१५

घडलं ते क्रमाने लिहितो.

१०.४० ला गेटवर हजर. काळा कोट, रजिस्टरं दोन पिशव्यांत. सौ. सकाळपासून घरात नव्हती, स्वयंपाक झाकून ठेवलेला. १०.५५ ला खांबेटे, सोबत क्लबचे दोन मेंबर. पांढऱ्या पँटी. ११.०० ला साहेब. बरोबर अकरा.

खांबेट्यांनी प्रथम कुलपाकडे बोट दाखवलं, मग माझ्या पाटीकडे. इंग्रजीत म्हणाले, साहेब, हा पार्क एक माणूस वापरतो, आणि तोसुद्धा दुसरे येऊ नयेत म्हणून.

मी शांतपणे रजिस्टरं पुढे केली. साहेबांनी १९५८ चं उघडलं. अक्षराची तारीफ केली. मग कॉलमवर बोट ठेवून विचारलं, हा पहिला आकडा काय, मी सांगितलं, आलेले. हा दुसरा, वर ‘हा.’ लिहिलेला? मी म्हटलं, तो तांत्रिक कॉलम आहे. तिथे मराठी वाचणारा मी सोडून एकच होता. त्यांनी मोठ्याने वाचून इंग्रजी करून सांगितलं. १९५८, एप्रिल: आलेले ३१०, हाकललेले ३०४. कारणं: चेंडू. चिंचा. धावणे. जोडप्याने बसणे. एकट्याने बसणे. आजारी दिसणे.

साहेबांनी पान उलटलं नाही. खांबेटे म्हणाले, हा त्यांचाच पुरावा आहे, माझ्याकडे एवढा चांगला नव्हता.

मला घाम आला. ऊन होतं.

साहेब म्हणाले, आतून बघू या, मग निर्णय. मी कोटाची बटणं, मग शर्टाची बटणं काढली, किल्ली काढली, वाकलो. कुलूप आज अडलं. चार माणसं मागे उभी असताना गेटाला गाल लावून कुलूप उघडण्यात एक प्रकारचा वेळ जातो. त्या अवस्थेत मला आतून बांगड्यांचा आवाज आला. भास म्हणून सोडून दिला.

गेट उघडलं.

आत बायका त्रेचाळीस. मुलं सतरा. गवतावर धुतलेली धोतरं आणि साड्या अंथरलेल्या, त्यांवर संडगे. ओळीत. हजारांनी. बाकांवर हप्पळ, म्हणजे पापड. चिंचेखाली दोन म्हाताऱ्या चिंचा फोडत होत्या. बाक दोनवर शेषगिरी बुद्धिबळ खेळत होता, समोर देवाप्पा माळी, आणि देवाप्पा जिंकत होता. माझी छत्री एका पाळण्यावर उघडून धरलेली. चिंचेवर कावळे.

आमची सौ. मधोमध, पदर खोचून, पितळी सोऱ्या दाबत. तिच्या शेजारी सुलभाबाई खांबेटे.

खांबेटे पुढे सरसावले. बहुधा ही गर्दी आज मुद्दाम गोळा केली आहे असं म्हणणार होते. त्यांच्या सौ.ने मान वर न करता सांगितलं:

“अहो, पायाखाली बघा. ती ओळ आपली आहे.”

खांबेट्यांनी पाय उचलला तो खाली कुठे ठेवावा हे त्यांना बराच वेळ कळलं नाही.

साहेबांनी बायकांना कन्नडात विचारलं, बाहेर कुलूप, तुम्ही आत कशा? सौ. उठली, हात पुसले, आणि आमच्या परसाच्या दिशेने दाखवलं. म्हणाली, मागच्या दाराने, आमच्या न्हाणीघरामागून. नऊ वर्षं झाली. उन्हाळ्यात संडगे, पावसाळ्यात पोरं, श्रावणात आरत्या. सोमवार ते शनिवार. ह्यांचं ऑफिस दहा ते पाच.

मी फक्त एवढंच विचारलं, आणि नाग?

“तुम्ही तिकडे येऊ नये म्हणून ठेवला होता,” ती म्हणाली. “गरीब होता. त्याने कधी कोणाला हाकललं नाही.”

बायका हसल्या नाहीत. सगळ्याजणी एकदम खाली संडग्यांकडे बघू लागल्या. ते जास्त लागलं.

साहेबांना कोणीतरी पानावर संडग्याचं गरम पीठ दिलं. त्यांनी उभ्याने खाल्लं, पुन्हा घेतलं. मग माझं बारावं रजिस्टर मागितलं, आजचं पान काढलं, खिशातलं पेन उघडलं आणि माझ्याकडे बघितलं.

“रायरे, अहो राव,” म्हणाले, “ह्यांना कोणत्या कॉलमात लिहू?”

मी रजिस्टर मागून घेतलं आणि पिशवीत घातलं. ते पान अजून कोरं आहे.

२१ एप्रिल, शुक्रवार

शांतपणे विचार केल्यावर कालचा दिवस माझ्या बाजूने गेला असं दिसतं. मी म्हणतच होतो की पार्क जनता वापरते. ती वापरत होती. कुठून येते हा तपशील.

संध्याकाळी नागाचं बीळ पाहिलं. बीळ नाही. मेंदीत साडेतीन फुटांची वाट, तळव्यांनी गुळगुळीत झालेली. दोन दगडी पायऱ्या. धरायला दोरी. दोरीला तेल लावलेलं. टेप आणून मोजलं. शेवटचं कुंपण पाच फूट नाही, दीड फूट आहे. म्हणजे एकूण ६७८ फूट ६ इंच. रजिस्टरात दुरुस्ती केली.

सौ.शी बोलत नाही. तिच्या अजून लक्षात आलेलं दिसत नाही.

२७ एप्रिल, गुरुवार

सौ.शी सहा दिवस बोललो नाही हे आज तिला सांगावं लागलं. ती म्हणाली, हो का, मला वाटलं कायदा पाठ करताय.

मग म्हणाली, किल्ली तुम्हाला कॉर्पोरेशनने दिली नव्हती. आम्ही कोणी कधी काढून घेतली नाही. नऊ वर्षं मागून आलो ते तुम्हाला पुढे उभं राहता यावं म्हणूनच की. एवढं बोलून भाकरी थापायला लागली.

हे वाक्य मी जसं ऐकलं तसं लिहून ठेवलं आहे. नंतर बघीन.

८ मे, सोमवार

ऑर्डर आली. विजय.

क्लबचा अर्ज फेटाळला. ‘प्रत्यक्ष पाहणीत पार्कचा भरपूर सार्वजनिक उपयोग आढळला.’ समितीचं, म्हणजे माझं, म्हणणं शब्दशः मान्य. ओसरीत विजयाच्या भाषणाचे नऊ मुद्दे शेषगिरीला वाचून दाखवले. सहाव्याला तो उठला.

ऑर्डरचा दुसरा परिच्छेद: कोणाही खाजगी इसमाने पार्कची किल्ली बाळगू नये. यापुढे किल्लीची गरज राहू नये यासाठी गेट काढून टाकण्यात यावं.

‘खाजगी इसम’ हा शब्द खांबेट्यांना उद्देशून असावा. पण किल्ली त्यांच्याकडे नाही. कॉर्पोरेशनच्या कागदांत अशा चुका होतात. अपील करण्याचा विचार आहे. अपील कलम ५ नंतर येतं.

१४ मे, रविवार. सकाळी ६.३०

देवाप्पाने काल दोन माणसं आणून गेट बिजागऱ्यांतून उचललं. कुलूप तसंच गेटाला. किल्ली माझ्याकडे मागितली नाही. अकरा वर्षांपूर्वीही मागितली नव्हती. विसराळू आहे.

आज ६.०० ला नेहमीप्रमाणे गेलो. किल्ली काढली. वाकलो. समोर काहीच नसल्यामुळे सरळ झालो. जिथे गेट होतं तिथे पाच मिनिटं उभा राहिलो. एक मुलगा चेंडू घेऊन माझ्या बगलेखालून आत गेला. ‘नमस्कार मामा’ म्हणाला. तो ह्या गल्लीतला आहे हे मला माहीत नव्हतं. रजिस्टरात तो एकशे सहा वेळा आहे, पण नाव नाही.

मग मीही आत गेलो. पहिल्यांदाच कोणी न उघडता.

आलेले: मोजणं बंद पडलं. तीन बाजूंनी येतात.

२१ मे, रविवार. संध्याकाळी ६.४५

बायकांनी रविवारीही वाळवणं घालायला सुरुवात केली आहे.

गेटाचं काय झालं ते आज कळलं. देवाप्पाने ते चिंचेपासून दूर, भर उन्हात, चार दगडांवर आडवं ठेवलं आहे. वर धोतर ताणलं की खालून वारा खेळतो, संडगे एका दिवसात कडक होतात. सगळ्याजणी म्हणतात की इतकी चांगली सोय कधीच नव्हती. आठ फूट बाय पाच. ओळी मी मोजल्या. एकतीस.

सौ. सकाळी म्हणाली होती, आम्हाला देवळात जायचंय, कावळ्यांकडे बघायला कोणीतरी पाहिजे, आणि हाकलण्याची सवय असलेला माणूस गल्लीत एकच आहे. तिच्या बोलण्यात खोच नव्हती. बाक तीन छत्रीसकट गेटाजवळ आणून ठेवला होता. पाण्याचा तांब्याही.

बसलो. थोड्या वेळाने खांबेटे आले. त्यांनाही घरून पाठवलं होतं. पांढरी पँट, हातात टेनिसची रॅकेट. त्यांनी रॅकेट मांडीवर ठेवली, मी छत्री मधोमध सरकवली. मग त्यांनी विचारलं, काठी लांबून फिरवायची की जवळून? मी पद्धत समजावून सांगितली. रॅकेटने कावळे चांगले उडतात हे मान्य करावं लागेल. त्यांनी खुशीत येऊन एक-दोनदा बॅकहँड मारला.

किल्ली अजून जानव्याला आहे. आडव्या गेटाला लटकलेलं कुलूप मी बसल्या बसल्या तेल घालून पुसलं. उघडून पाहिलं. लावून पाहिलं. चालतं. वाकावंही लागत नाही.

बारावं रजिस्टर सोबत होतं. नवीन पान घेतलं.

कावळे. आलेले ४३. हाकललेले ४३.

संडगे. ठेवले १,२४०. उचलले १,२३९. एकाचा खुलासा: चव खारट. जिऱ्याचा भास.